पुठ्ठा आणि त्रैराशिक

मिशेल गोंद्री या फ्रेंच दिग्दर्शकाविषयी काहीही वाचायला घेतलं की तिसऱ्या-चौथ्या ओळीत ‘निरागस’ हा शब्द येतोच. मग लहान मुलाची नजर, पुठ्ठ्याची घरं, स्वप्नांचा खेळ वगैरे. या समजाला त्याने स्वतःही भरपूर खतपाणी घातलंय. त्याच्यावरच्या माहितीपटाचं नावच ‘मी कायमचा बारा वर्षांचा’ अशा अर्थाचं आहे. पण त्याचे म्युझिक व्हिडिओ एकदा आवाज बंद करून आणि नंतर कागद-पेन्सिल घेऊन बघितले, तर निरागसपणा फारसा हाती लागत नाही, हिशोब लागतो. गाण्यातून एक नियम उचलायचा, गाणं संपेपर्यंत तो मोडायचा नाही आणि त्यापायी जे काही अडेल ते निस्तरत बसायचं, ही त्याची शैली आहे. पुठ्ठा, लोकर, लेगोचे ठोकळे ही झाली सामग्री.

हे ठासून सांगायला कारण आहे. म्युझिक व्हिडिओचा कर्ता कोण, हा प्रश्न आपल्याकडे कोणी धड विचारतही नाही. यूट्यूबवर कुठलंही मराठी गाणं उघडा. शीर्षकात गायकाचं नाव, नट-नटीचं नाव, कंपनीचं नाव, सण तोंडावर आला असेल तर सणाचंही नाव. दिग्दर्शक शोधायचा तर खालच्या वर्णनात ‘आणखी दाखवा’वर बोट ठेवायचं, आणि मग प्रॉडक्शन मॅनेजर, केटरिंग, ड्रोन यांच्या गर्दीत तो कुठेतरी सापडतो. गाण्याला चित्र जोडणं हे सजावटीचं काम आहे, असं एकदा मनात बसलं की असंच होणार. ‘निरागस’, ‘कल्पक’, ‘डोळ्यांना मेजवानी’ ही कौतुकाची भाषाही त्याच समजुतीला हातभार लावते. कारण मेजवानीत आचाऱ्याचं नाव कोण विचारतो?

गोंद्रीचा जन्म १९६३चा, व्हर्सायमधला. आजोबा कॉन्स्तां मार्तें यांनी क्लॅव्हिओलिन हे सुरुवातीच्या काळातलं इलेक्ट्रॉनिक वाद्य बनवलं. (१९५४च्या ‘नागिन’मधली बीन ज्यांच्या कानात बसली आहे, त्यांनी हेच वाद्य ऐकलंय, ते कल्याणजींनी वाजवलं होतं.) नातू ड्रम वाजवायचा. ‘वी वी’ नावाच्या बँडमध्ये तो ड्रमर होता आणि बँडचे व्हिडिओही तोच करायचा. ते पाहून आइसलंडची गायिका ब्यर्क हिने त्याला बोलावलं आणि १९९३ मध्ये ‘ह्यूमन बिहेवियर’ आला. पुढचं बरंचसं त्या ड्रमर असण्यातून आलंय. गायकाला गाण्यात शब्द दिसतात, ड्रमरला घरं दिसतात: कुठे ठोका, कुठे रिकामं, कितव्या मात्रेला काय परत येतं.

डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीचा १९९७चा ‘अराउंड द वर्ल्ड’ घ्या. गाण्यात तेच तीन शब्द फिरून फिरून येतात, गोष्ट नाही, नायक-नायिका नाही. असं गाणं हाती आल्यावर बहुतेक दिग्दर्शक डिस्को, दिवे, गाड्या, शहर असं काहीतरी पैदा करतात. गोंद्रीने वाद्यं मोजली. यंत्रातून आलेल्या आवाजाला रोबो, बास गिटारला चिमुकल्या डोक्यांचे उंच खेळाडू, वरच्या पट्टीतल्या कीबोर्डला पोहण्याच्या वेषातल्या मुली, गिटारला सांगाडे, ड्रम मशीनला ममी. पाच आवाज, पाच गट. मागे पायऱ्या, खाली तबकडीसारखा गोल रंगमंच. बासचा सूर वर चढला की खेळाडू पायऱ्या चढतात, उतरला की उतरतात. नृत्य ब्लँका ली यांनी बसवलं आणि वेष, दिवे या सगळ्यांनी तोच एक तक्ता पाळला.

हा व्हिडिओ पाहून झाल्यावर गाणं वेगळं ऐकू येतं, ही त्याची खरी कमाई. एरवी बासची ओळ कानाआड जाते. इथे ती पायऱ्यांवर दिसली की पुढच्या वेळी रेडिओवरही ऐकू येते. पाचही गट एकत्र दिसायचे तर कॅमेरा लांब ठेवावा लागतो. एका रोबोच्या चेहऱ्यावर जवळून कट मारला की त्या दोन सेकंदांत उरलेली चार वाद्यं नाहीशी झाली आणि नियम मोडला. आपल्याकडच्या नाचाच्या गाण्यांत दर सेकंदाला कट असतो. कंबर, डोळे, पाय, पुन्हा कंबर. नाच कुणाला येतो आणि कुणाला येत नाही हे झाकायला ती युक्ती उत्तम आहे. ‘अराउंड द वर्ल्ड’मध्ये झाकायला जागाच नाही.

असं काम करायला घेणाऱ्याला पहिली ठेच कुठे लागते तेही सांगायला हवं, कारण इथे ‘कल्पकता’ कामाला येत नाही. गाण्याची लय मिनिटाला १२० ठोके आणि चित्र सेकंदाला २४ चौकटींचं (फ्रेमचं) असेल तर एका ठोक्याला नेमक्या १२ चौकटी येतात. सगळं सरळ. आपल्याकडे नि युरोपात टीव्हीसाठी २५ चौकटी चालत आल्या आहेत. तिथे त्याच ठोक्याला साडेबारा येतात आणि अर्धी चौकट कापता येत नाही. मग एका ठोक्याला १२, पुढच्याला १३, असं आलटून पालटून घ्यावं लागतं. लय १२८ असेल तर २४च्या हिशोबात एका ठोक्याला सव्वाअकरा चौकटी. संकलकाने दर ठोक्याला ११ धरून कापत नेलं तर चार ठोक्यांत एक चौकट आणि सोळा ठोक्यांत चार चौकटी चित्र गाण्याच्या पुढे पळतं. दोन चौकटींपर्यंत डोळा माफ करतो, चार चौकटींना प्रेक्षक कारण न कळताही अस्वस्थ होतो. म्हणून प्रत्येक ठोका आधीच्या कटपासून मोजायचा नसतो. गाण्याच्या सुरुवातीपासून मोजायचा आणि मग जवळच्या चौकटीवर बसवायचा.

ढोलकीवरच्या गाण्यात आणखी गुंता आहे. ध्वनिमुद्रण क्लिकवर, म्हणजे कानात ठरावीक लयीची टिकटिक ठेवून, झालेलं नसेल तर लावणीची लय मुखड्यापासून शेवटापर्यंत हळूहळू चढत जाते, आणि ती चढलीच पाहिजे. तिथे ठोक्यांचा तयार तक्ता निरुपयोगी. प्रत्येक सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, हाताने खूण करून घ्यावी लागते आणि दोन समांमधलं अंतर आठ मात्रा असेल तर आठात, सहा असेल तर सहात वाटून द्यावं लागतं. हे काम एक-दोन दिवसांचं आणि बिनखर्चाचं आहे, तरी ते सहसा होत नाही, कारण चित्रीकरणाच्या आदल्या रात्रीपर्यंत गाण्याचं मिक्स, म्हणजे पक्कं ध्वनिमिश्रणच, आलेलं नसतं.

केमिकल ब्रदर्सचा २००२चा ‘स्टार गिटार’ म्हणजे हाच तक्ता, पण लपवलेला. आगगाडीच्या खिडकीतून दिसणारा फ्रान्स: खांब, पूल, गुदामं, धुराडी, फलाट, रुळावर उभे डबे. माणूस जवळपास नाहीच. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, कोणीतरी कॅमेरा खिडकीला टेकवून झोपी गेलंय. मिनिटभराने लक्षात येतं की प्रत्येक ठोक्याला एक खांब जातोय आणि नवा आवाज आला की नवी इमारत येतेय. नीम ते वालाँस या मार्गावर साध्या डीव्ही (डिजिटल व्हिडिओ) कॅमेऱ्याने दहा वेळा चित्रण झालं, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी, म्हणजे उजेडाच्या छटा हाताशी राहतील. त्याआधी गोंद्रीने गाणं आलेख-कागदावर मांडलं आणि मग टेबलावर संत्री, काटे-चमचे, कॅसेट, पुस्तकं, पेले नि बूट ओळीने ठेवून कुठला आवाज कुठली वस्तू होणार ते ठरवलं. गाडीतून जे दिसलं त्याचे तुकडे नंतर संगणकावर त्या तक्त्याप्रमाणे बसवले.

इथे कुठल्याही आवाजाला कुठलीही वस्तू चालत नाही. गाडी ताशी १०० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटर जातेय असं धरा, आणि भिंगातून ६० अंशांचं दृश्य दिसतंय. रुळापासून पाच मीटरवरचा खांब असेल तर तिथे दृश्याची रुंदी सहा मीटरही भरत नाही. खांब पाचव्या हिश्श्याच्या सेकंदात चौकट ओलांडतो. अर्ध्या किलोमीटरवरचा कारखाना मात्र वीस सेकंद दिसत राहतो. म्हणून छोटा, टोकदार आवाज जवळच्या खांबाला द्यायचा आणि लांबणारा, फुगत जाणारा सूर क्षितिजाजवळच्या गोष्टीला. उलटं केलं तर ठोका वीस सेकंद रेंगाळेल आणि सूर डोळ्यांसमोरून फटकन निघून जाईल. गोंद्रीचं सगळ्यात मोठं काम कुठलं असं विचारलं तर आमचं मत याच व्हिडिओला आहे, लेगोला नाही.

लेगोवाला अर्थातच सगळ्यांना ठाऊक असतो. व्हाइट स्ट्राइप्सचं ‘फेल इन लव्ह विथ अ गर्ल’, तेही २००२चं. एमटीव्हीचे तीन पुरस्कार मिळाले. आधी बँडचं साधं चित्रण केलं, मग त्यातली चित्रं ठोकळ्यांत उभी करून एकेक फोटो घेतला. काही भाग संगणकावर केलेला आहे, पण बराचसा खऱ्या ठोकळ्यांचा. गाणं जेमतेम १ मिनिट ५० सेकंदांचं. सेकंदाला १२ चित्रं धरली तरी १,३२० होतात, आणि प्रत्येक वेळी ठोकळे उपटून परत लावायचे. अशा कामात हात दुखणं ही किरकोळ बाब. वैताग आणतो तो उजेड. कॅमेरा ‘ऑटो’वर राहिला की दर फोटोला उजेड नि रंग किंचित बदलतो आणि ते सलग चालवलं की चित्र लुकलुकतं. खिडकीतून ऊन येत असेल तर दुपारपर्यंत सगळं गेलंच. अ‍ॅपर्चर, शटर, रंगाचं मोजमाप सगळं हाताने बांधून टाकायचं, पडदे बंद करायचे, विजेच्या दाबाबरोबर मंद-तेज होणारे दिवे वापरायचे नाहीत आणि तिपाईला कुणाचा पाय लागू द्यायचा नाही.

पण लेगोच का? या बँडने स्वतःला तीन रंगांत बांधून घेतलं होतं: लाल, पांढरा, काळा. वाद्यं मुळात दोन, गिटार आणि ड्रम. आवाज ओबडधोबड, मधल्या छटा नाहीत. म्हणजे गाणंच ठोकळ्यांचं होतं. एकच चित्र थांबवून पाहिलं तर माणूस ओळखू येत नाही, नुसते चौकोन दिसतात; चालू केलं की मान हललेली, काठी ड्रमवर पडलेली लगेच कळते. यातलं काहीच ‘गोंडस दिसावं’ म्हणून आलेलं नाही. जाहिरातवाल्यांनी मात्र त्यातून गोंडसपणाच उचलला. पुढच्या काळात बिस्किटापासून विम्यापर्यंत सगळं लोकर, कागद नि ठोकळ्यांत दिसू लागलं, ज्याच्या गाण्यात ना लोकरीसारखं काही होतं ना ठोकळ्यांसारखं.

त्याच बँडचा २००३चा ‘द हार्डेस्ट बटन टू बटन’ याहून उघडा आहे. न्यूयॉर्कचा रस्ता, दर ठोक्याला रस्त्यावर एक नवा ड्रम सेट. त्यासाठी हुबेहूब सारखे ३२ ड्रम सेट, ३२ अ‍ॅम्प्लिफायर आणि माइकचे १६ स्टँड आणले होते. संगणकावर एका सेटच्या ३२ प्रती काढणं स्वस्त पडलं असतं, मग हा खटाटोप कशासाठी, असं कुणी विचारेल. तर प्रत्येक सेटची सावली रस्त्याच्या त्या जागेवर खरीखुरी पडते, वाकड्या फुटपाथवर सेट थोडा कलतो, पितळी झांजेत समोरची इमारत दिसते. प्रती काढल्या की हे सगळं हाताने रंगवावं लागतं आणि डोळ्याला ते खोटं असल्याचा वास येतो. उन्हातल्या चित्रणाला मात्र एक मर्यादा आहे. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. ३२ जागांना प्रत्येकी दोन मिनिटं लागली तरी तासावर वेळ गेला, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या ठोक्यात सूर्य सोळा अंश सरकला आणि सावली फिरली. म्हणून असं काम ढगाळ दिवशी करतात, किंवा छोटे तुकडे पाडून. आणखी एक जुनी युक्ती अशी की आधी सगळे सेट मांडून घ्यायचे, मागून एकेक काढत जायचं आणि चित्रण उलटं चालवायचं. मांडण्यापेक्षा उचलणं लवकर होतं.

उलटं चालवणं हे तर गोंद्रीचं आवडतं हत्यार. चिबो मात्तो या बँडच्या १९९६च्या ‘शुगर वॉटर’मध्ये पडद्याचे दोन भाग आहेत, एकीकडे काळ पुढे जातो, दुसरीकडे मागे, मध्यावर दोन्हींची धडक होते आणि बाजू पालटतात. २००७ मध्ये त्याने पायाने रुबिक क्यूब सोडवतानाचा व्हिडिओ टाकला आणि लोक अवाक् झाले. जुळवलेला क्यूब पायाने विस्कटायचा आणि उलटं चालवायचं, एवढंच होतं. उलट चित्रणात चोरी पकडली जाते ती चालण्यात, धुरात आणि पाण्यात: माणूस टाच आधी टेकवतो, उलटं केलं की पंजा आधी टेकतो. तेव्हा चौकटीत कुणी चालू नये आणि चहाचा वाफाळता कप ठेवू नये, इतकं सांभाळलं तरी पुष्कळ.

गायिका कायली मिनोगच्या ‘कम इनटू माय वर्ल्ड’ (२००२) मध्ये हे सगळं एकत्र येतं. पॅरिसला लागून असलेल्या बुलोन-बियांकूरमधला एक चौक. कायली गात गात चौकाला फेरी मारते आणि सुरुवातीच्या जागी पोहोचते तेव्हा तिथूनच दुसरी कायली निघते. पुढच्या फेरीला तिसरी. आजूबाजूची माणसंही तशीच वाढत जातात. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक फेरी हे एक आवर्तन, आणि समेवर एक माणूस वाढतो. गाण्याचा आराखडाच तो आहे: तोच मुखडा, दर वेळी थोडी जास्त गर्दी. कॅमेऱ्याची हालचाल दर फेरीला मिलिमीटरचाही फरक न होता तीच व्हावी लागते, आणि ते काम मोशन कंट्रोल यंत्र करतं. माणसांना मात्र यंत्र लावता येत नाही. चार कायल्या असतील तर कोण कुणाच्या पुढून जातं अशा सहा जोड्या तपासाव्या लागतात, पाच झाल्या की दहा. त्यात भोवतालच्या माणसांच्या जोड्या वेगळ्याच. एकीची सावली दुसरीच्या पायावर पडायला हवी होती आणि पडली नाही, की जोड उघडा पडतो. व्हिडिओत कायली दुसऱ्या कायलीला चुकवून जाते तेव्हा हसू येतं, आणि त्या चुकवण्यामागे कुणीतरी जमिनीवर खुणा करत सेकंद मोजत बसलेलं असतं.

एवढ्यावरून गोंद्री नुसता हिशोबनीस ठरत नाही. त्याचे विषयही ठरलेले आहेत आणि ते या पद्धतीतूनच उगवतात. पुनरावृत्ती दाखवायची म्हटलं की आठवण आलीच, कारण आठवण म्हणजे तीच जागा नव्या उजेडात. व्हाइट स्ट्राइप्सच्याच ‘डेड लीव्हज अँड द डर्टी ग्राउंड’मध्ये माणूस मोडक्यातोडक्या घरात परततो आणि त्याच भिंतींवर, त्याच सोफ्यावर, तिथे पूर्वी घडलेलं प्रोजेक्टरने पडतं. ब्यर्कच्या ‘बॅचलरेट’मध्ये (१९९७) एका पुस्तकाचं नाटक होतं, त्या नाटकात तेच नाटक, त्यात पुन्हा तेच, प्रत्येक पायरीला रंगमंच लहान आणि देखावा जास्त भिकार. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची. पुठ्ठा इथे गोडव्यासाठी नाही, तो झिजेचं माप आहे. गोष्ट जितक्यांदा सांगितली तितकी ती स्वस्त होत गेली, हे पुठ्ठ्याच्या दर्जावरून कळतं. फू फायटर्स या बँडच्या ‘एव्हरलाँग’मधले राक्षसी हात, त्याच्या २००४च्या ‘इटर्नल सनशाइन’ या चित्रपटातलं ते स्वयंपाकघर, जिथे प्रौढ नट टेबलाखाली लहान मुलाएवढा दिसतो, तेही याच घराण्यातलं. ते दृश्य संगणकावर केलेलं नाही. सेट मुद्दाम वाकड्या मापांत बांधून माणसाला दूर आणि बाईला जवळ उभं केलंय.

आणि त्याचं चुकतं कुठे? गाणं काढून घेतलं की. गाणं नियम देतं आणि चार मिनिटांत संपतं, म्हणून नियम कंटाळवाणा व्हायच्या आत सुटका होते. फ्रेंच लेखक बोरिस व्हियाँच्या कादंबरीवरच्या त्याच्या २०१३च्या चित्रपटात मिनिटामिनिटाला करामती आहेत, एकेक घेतली तर सुंदर, पण त्यांना बांधणारं काही नाही. अर्ध्या तासात पाहणारा दमतो. ‘इटर्नल सनशाइन’ टिकला, कारण तिथे पटकथेने गाण्याची जागा घेतली: एक आठवण पुसायची, मग तिच्या आधीची, मग त्याही आधीची. पुन्हा नियमच. ज्यांना गोंद्री ‘शैली’ म्हणून आवडतो त्यांना हा फरक दिसत नाही. आता तर एआयला एक वाक्य टाइप करून दिलं की लोकर-पुठ्ठ्याचं हलतं चित्र मिनिटात मिळतं. दिसणं फुकट झालंय. कुठल्या आवाजाला कुठली वस्तू, हे मात्र त्या यंत्रालाही कुणीतरी ठरवूनच सांगावं लागतं.

कुणी म्हणेल, फ्रेंच माणसाच्या करामतींशी आपला काय संबंध? संबंध जुना आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणल्यावर भांडवलदाराची खात्री पटवायला जे केलं ते ‘अंकुराची वाढ’: कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा रोवला आणि दिवसाला एक चौकट असं महिनाभर चित्रण केलं. १९१५च्या सुमारास आगकाड्या हलवून त्यांनी आणखी एक छोटा चित्रपट केला. वेळ मोजून करायची कामं आहेत ही, आणि सिंधुदुर्गात आजही ‘ट्रिकसीनयुक्त’ असं फलकावर लिहिलं की दशावताराला गर्दी होते. आपल्या प्रेक्षकाला युक्ती आवडते, ती कळलेलीही आवडते. कमी पडतं ते युक्ती करणाऱ्याचं नाव विचारणं.

तर प्रश्न कर्त्याचा. १९९२च्या अखेरीस एमटीव्हीने गायक आणि गाण्याबरोबर दिग्दर्शकाचं नाव पडद्यावर द्यायला सुरुवात केली. पुढच्या दहा वर्षांत गोंद्री, स्पाइक जोन्झ, ख्रिस कनिंगहॅम ही नावं प्रेक्षकांच्या तोंडी आली आणि २००३ मध्ये त्यांच्या व्हिडिओंचे दिग्दर्शकवार डीव्हीडी संच निघाले. प्रतिभा काय १९९२ला अचानक उगवली नव्हती. नाव दिसलं म्हणून दोन व्हिडिओ जोडून पाहता आले, जोडून पाहिले म्हणून शैली दिसली, आणि शैली दिसली म्हणून पुढच्या वेळी बँडनेच त्या माणसाला मागितलं. कोपऱ्यातल्या एका ओळीचा हा परिणाम.

कायद्याची स्थिती दोन देशांत पार वेगळी आहे. फ्रान्सच्या कायद्यात दृक्‌श्राव्य कृतीच्या सहकर्त्यांत दिग्दर्शक नावानिशी येतो. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा ‘ऑथर’ म्हणजे निर्माता, आणि म्युझिक व्हिडिओही त्याच व्याख्येत बसतो. २०१०च्या दुरुस्ती विधेयकात मुख्य दिग्दर्शकाला सहकर्ता मानायची तरतूद होती, २०१२चा कायदा होईपर्यंत ती गळाली. त्याच दुरुस्तीत गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा हक्क मिळाला आणि तो योग्यच होता. तरीही नावासाठी त्यांना झगडावं लागतंय. २०२० मध्ये हिंदीतल्या गीतकारांनी श्रेय द्या म्हणून चक्क एक गाणं काढलं, स्वानंद किरकिरे त्यात होते. ज्यांच्या बाजूने कायदा आहे त्यांची ही गत, तर ज्यांच्या बाजूने काहीच नाही त्या व्हिडिओ-दिग्दर्शकांचं काय होणार?

यावर एक आक्षेप रास्त आहे: व्हिडिओ एकट्याचा नसतो. खरंच नसतो. ब्लँका लीशिवाय ‘अराउंड द वर्ल्ड’ उभा राहिला नसता आणि गोंद्रीनेच केलेल्या रोलिंग स्टोन्सच्या १९९५च्या व्हिडिओतल्या, स्थिर फोटोंमधून सरकत जाणाऱ्या दृश्यांमागे ‘ब्यूफ’ ही फ्रेंच कंपनी होती. पण म्हणून कुणाचंच नाव द्यायचं नाही, हा निष्कर्ष फक्त निर्मात्याच्या सोयीचा आहे. नृत्य, छायाचित्रण, संकलन, कला, दिग्दर्शन ही पाच नावं द्यायला तीन सेकंद पुरतात. आकाशवाणीने चार मिनिटांच्या गाण्याआधी गायक, गीतकार, संगीतकार अशी नावं वर्षानुवर्षं सांगितली, कुणी कंटाळून रेडिओ बंद केला नाही.

यासाठी कायदा बदलायची वाट बघायला नको. करारात एक कलम पुरतं. दिग्दर्शकाने मानधनाबरोबर नावाची जागाही लिहून घ्यावी: यूट्यूबच्या शीर्षकात, वर्णनाच्या पहिल्या दोन ओळींत आणि प्रत्यक्ष चित्रावर. चित्रावर कुठे, हेही लिहावं. जुन्या सवयीने नाव खाली डाव्या कोपऱ्यात टाकतात. पण १६:९चं चित्र रीलसाठी उभं ९:१६ कापलं की रुंदीचा जेमतेम ३२ टक्के, मधला तेवढा पट्टा उरतो. कोपऱ्यातलं नाव पहिल्या कापातच जातं. तेव्हा नाव मधल्या तिसऱ्या हिश्श्यात हवं, तळापासून थोडं वर, कारण अगदी तळाशी रीलचं बटण आणि मजकूर बसतो. सुरुवातीच्या पाच सेकंदांत एकदा आणि मुखडा परत येतो तिथे एकदा, कारण कापणारे नेमका मुखडाच कापून नेतात.